पहिल्या देणगीनंतरचे काम : छोट्या संस्थेने देणगीदार-विकास कार्यक्रम कसा उभारावा

मुलांसाठी वाचनाचे उपक्रम चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेत निधीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा निधी म्हणजे आवाहन आणि आवाहन म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या परिचितांना पाठवायचे पत्रक, एवढीच माझी समजूत होती. पहिल्या वर्षी दोनशेहून अधिक लोकांनी देणगी दिली आणि आम्ही समाधानाने दुसऱ्या कामांकडे वळलो. पुढच्या वर्षी पुन्हा आवाहन केले, तेव्हा त्यांतले जेमतेम चाळीस जण परतले. उरलेल्यांपैकी काहींना मी स्वतः फोन केले. नाराज कोणीच नव्हते. पण आपण या संस्थेला देणगी दिली होती हेच बहुतेकांना नीट आठवत नव्हते, कारण मधल्या वर्षभरात आम्ही त्यांना एकदाही काही कळवले नव्हते.

देणगीदार-विकास म्हणजे पहिली देणगी आणि दुसरी देणगी यांच्या मधला हा काळ सांभाळण्याची शिस्त. निधी संकलनात आपण पैसे मागतो. देणगीदार-विकासात माणूस संस्थेच्या कामाशी जोडलेला राहील अशी व्यवस्था लावतो. ज्या संस्थेत हे काम एकदोन माणसांनाच, तेही इतर जबाबदाऱ्या सांभाळून करावे लागते, अशा संस्थेतल्या नवीन कार्यकर्त्यासाठी हा लेख आहे. मला जे शिकायला चार वर्षे लागली, ते तुम्हाला पहिल्याच वर्षी हाताशी असावे, ही इच्छा आहे.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी एका जागी जमवून ठेवा :

- संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा नियमावली आणि करसवलतीसंबंधीची कागदपत्रे
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल
- चालू वर्षाचे, कार्यकारी मंडळाने मंजूर केलेले अंदाजपत्रक
- आजवरच्या सर्व पावत्यांच्या स्थळप्रती आणि बँकेची विवरणपत्रे
- संस्थेतल्या प्रत्येकाकडे विखुरलेल्या नावांच्या याद्या, मग त्या कोणाच्या फोनमध्ये असोत की जुन्या वहीत

शेवटची गोष्ट जमवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. आम्हाला दोन महिने लागले.

## १. पैसे कशासाठी हवेत, ते दोन पानांत लिहा

नवीन माणूस बहुधा येथे घाई करतो आणि थेट यादीकडे वळतो. तसे करू नका. आधी एक मूळ निवेदन लिहा. कोणता प्रश्न आहे, त्यावर आपण नेमके काय करतो, त्याचा परिणाम झाला हे कशावरून कळते आणि आणखी पैसे मिळाले तर त्यांतून काय होईल, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. पुढची सर्व पत्रे, ईमेल आणि भेटीतले बोलणे याच निवेदनातून निघेल. म्हणून ते कार्यकारी मंडळासमोर वाचून दाखवा आणि मंजूर करून घ्या.

संस्थेला पैशांची गरज आहे, हे देणगीचे कारण होऊ शकत नाही. गरज लाभार्थ्यांची असते. संस्था ती भागवण्याचे साधन असते. आमच्या पहिल्या पत्रकातली निम्मी वाक्ये संस्थेच्या अडचणींबद्दल होती आणि मुलांबद्दल एकच परिच्छेद होता. आता ते पत्रक वाचताना वाईट वाटते.

आकडे द्यावेत की एका व्यक्तीची गोष्ट सांगावी, हा प्रश्न नेहमी येतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, ओळख पटणाऱ्या एका मुलीसाठी लोक आकडेवारीच्या तुलनेत अधिक देतात आणि त्या मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिली की देणगी उलट कमी होते. म्हणून आवाहनाच्या पत्रात एक माणूस ठेवावा आणि आकडे अहवालात द्यावेत, असे माझे मत आहे. मात्र त्या माणसाची, आणि तो लहान असेल तर त्याच्या पालकांची, लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव किंवा छायाचित्र वापरू नये. ते पत्र त्याच्या स्वतःच्या हाती पडले तर त्याला कमीपणा वाटेल का, हा प्रश्न प्रत्येक मसुद्याला विचारावा.

## २. एकच नोंदवही तयार करा

सर्व कार्यक्रमाचा पाया ही नोंदवही आहे. पहिल्या पाचशे नावांपर्यंत साधी स्प्रेडशीट पुरते. त्यापुढे देणगीदारांच्या नोंदींसाठी केलेले सॉफ्टवेअर घ्यावे; सिव्हिसीआरएमसारखे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे. परंतु सॉफ्टवेअर घेतले म्हणजे शिस्त आली असे होत नाही. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने मोठा खर्च करून प्रणाली बसवली आणि वर्षभर तीत कोणी नोंदच केली नाही.

नोंदवहीत दोन तक्ते वेगळे ठेवा. पहिल्यात माणसे : क्रमांक, नाव, पत्ता, फोन, ईमेल, संपर्काची पसंतीची भाषा आणि पद्धत, कोणाच्या ओळखीने आले, संपर्कासाठी संमती दिली आहे का. दुसऱ्यात देणग्या : माणसाचा क्रमांक, तारीख, रक्कम, पावती क्रमांक, देणगीचा हेतू, कोणत्या आवाहनामुळे आली, आभार कधी मानले. आम्ही सुरुवातीला एकाच तक्त्यात सर्व भरले होते, त्यामुळे एकाच माणसाच्या तीन देणग्या तीन माणसांच्या म्हणून मोजल्या जात होत्या आणि त्याला एकाच पत्राच्या तीन प्रती जात होत्या.

दुबार नावे हा सर्वांत चिवट दोष आहे. एकच नाव देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दोन वर्णलेखनांनी नोंदले जाते. पती-पत्नींच्या देणग्या कधी एकत्र तर कधी स्वतंत्र येतात. त्यासाठी फोन क्रमांक आणि ईमेल यांवरून जुळणी करावी, आणि कुटुंबाला एक कुटुंब-क्रमांक द्यावा. महिन्यातून एक ठरावीक दिवस या साफसफाईसाठी राखून ठेवा.

संभाषणाची टिपणे लिहिताना एक कसोटी लावा : ही नोंद देणगीदाराने स्वतः वाचली तर चालेल का? त्यांच्या आईच्या स्मरणार्थ ही देणगी आहे, ही नोंद उपयोगाची आहे. घरगुती वाद, आजारपण किंवा ऐकीव संपत्तीच्या गोष्टी नोंदवहीत येता कामा नयेत. वैयक्तिक माहितीविषयीचे कायदे आता अनेक देशांत कडक झाले आहेत. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरनुसार आपल्याबद्दल कोणती माहिती साठवली आहे, हे विचारण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. आपल्या देशातला नियम कोणता, हे जाणकाराकडून समजून घ्या. नोंदवही कोण पाहू शकतो आणि कोण बदलू शकतो हे लेखी ठरवा, आणि तिची सुरक्षित प्रत दर आठवड्याला काढा.

## ३. टिकाव दर काढा

नोंदवही भरून झाली की पहिला आकडा टिकाव दराचा काढा. गेल्या वर्षी ज्यांनी देणगी दिली, त्यांच्यापैकी किती जणांनी या वर्षी पुन्हा दिली, याची टक्केवारी म्हणजे टिकाव दर. अमेरिकेतील फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्टच्या आकडेवारीत हा दर अनेक वर्षे ५० टक्क्यांच्या खाली राहिला आहे, आणि पहिल्यांदाच देणाऱ्यांचा तर त्याहूनही बराच कमी आहे. म्हणजे आमच्यावर आलेली वेळ अपवादात्मक नव्हती.

या आकड्याचे महत्त्व साध्या गणिताने पटते. समजा, आज १०० देणगीदार आहेत. टिकाव दर ४० टक्के असेल, तर तीन वर्षांनी त्यांतले सुमारे ६ उरतात. ६० टक्के असेल, तर सुमारे २२ उरतात. नवीन माणसे शोधण्याचा खर्च दोन्हीकडे तोच आहे, आणि अनेकदा नवीन देणगीदार मिळवायला त्याच्या पहिल्या देणगीइतका किंवा तिच्याहून अधिक खर्च येतो. हा खर्च दुसऱ्या आणि तिसऱ्या देणगीतून भरून निघतो. म्हणूनच नवीन नावांमागे धावण्यापूर्वी आहेत ती माणसे का जातात, हे पाहावे, असा माझा ठाम आग्रह आहे.

पहिल्यांदा देणारे आणि पूर्वीपासून देणारे यांचे टिकाव दर वेगवेगळे काढा. एकत्रित आकडा जुन्या निष्ठावंतांमुळे बरा दिसतो आणि खरी गळती त्याखाली झाकली जाते.

## ४. आभाराची व्यवस्था लावा

देणगी आल्यापासून ४८ तासांच्या आत आभार पोचले पाहिजेत, हा नियम आम्ही केला आणि इतर कोणत्याही बदलापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला. पावती म्हणजे आभार नव्हेत. पावती हा हिशेबाचा दस्तऐवज आहे. तिच्यावर कायद्याने आवश्यक असलेले सर्व तपशील अचूक हवेत. आभाराचे पत्र वेगळे असावे, छोटे असावे, नावाने सुरू व्हावे, आणि त्यात पुढच्या देणगीची मागणी अजिबात नसावी.

कोणत्या देणगीला कोण आभार मानणार, हेही ठरवून ठेवा. आमच्याकडे प्रत्येक देणगीदाराला ईमेल किंवा पत्र जाते. पहिल्यांदा देणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याभरात एक फोन जातो, रक्कम कितीही लहान असो. मोठ्या देणगीला विश्वस्त स्वतः फोन करतात. फोनवर फक्त दोनच गोष्टी कराव्यात : मनापासून आभार मानावेत आणि तुम्हाला हे काम का महत्त्वाचे वाटले, असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून मला संस्थेबद्दल जे समजले, ते कोणत्याही बैठकीत समजले नव्हते. एका बाईंनी सांगितले की त्यांना स्वतःला लहानपणी पुस्तक हाती यायला बारावे वर्ष उजाडावे लागले होते. ते उत्तर नोंदवहीत लिहिले गेले, आणि पुढच्या वर्षी नव्या वाचनकोपऱ्याची बातमी सर्वांत आधी त्यांना कळवली गेली.

आभारानंतर तीन ते सहा महिन्यांत एक वृत्त जायला हवे : तुम्ही दिलेल्या पैशांतून हे घडले. एक छायाचित्र आणि दहा ओळी पुरतात. काही बिनसले असेल, उपक्रम लांबला असेल, तर तेही कळवावे. आमचा एक उपक्रम चार महिने लांबला, तेव्हा आम्ही कारणासह सर्वांना कळवले आणि एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

## ५. कोणाकडे कधी जायचे, ते ठरवा

सर्वांना एकच पत्र पाठवणे ही सोय आपली असते, देणगीदाराची नाही. नोंदवहीतील प्रत्येक नावाला तीन प्रश्न लावा : शेवटची देणगी कधी आली, आजवर किती वेळा आली आणि एकूण किती आली. एवढ्यावरून नवे, नियमित, मोठे आणि खंडित असे चार गट सहज पडतात. नियमितपणे लहान रक्कम देणाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. दहा वर्षे न चुकता देणारा माणूस मृत्युपत्रातही संस्थेची आठवण ठेवण्याची शक्यता मोठी असते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १८व्या शतकात फिलाडेल्फियातील एका धर्मोपदेशकाला वर्गणीबाबत दिलेला सल्ला आजही लागू पडतो. जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा. मग ज्यांची खात्री नाही त्यांना आधी दिलेल्यांची यादी दाखवा. आणि जे काहीच देणार नाहीत असे वाटते त्यांनाही वगळू नका, कारण त्यांतल्या काहींबाबत तुमचा अंदाज चुकलेला असू शकतो. यादी दाखवण्यापूर्वी, अर्थातच, त्यातल्या प्रत्येकाची नाव जाहीर करण्यास परवानगी हवी.

## ६. विश्वस्तांपासून सुरुवात करा

संस्थेच्या मंडळातील प्रत्येकाने, आपल्या ऐपतीप्रमाणे का होईना, देणगी दिलेली असली पाहिजे. मोठे देणगीदार हे हमखास विचारतात, आणि त्या वेळी सर्वांनी दिली आहे, असे उत्तर देता येणे फार मोलाचे असते. हा विषय बैठकीत काढणे नवीन कार्यकर्त्याला अवघड जाते. तो अध्यक्षांनी काढावा. तुम्ही त्यांना आधी भेटून तयार करा. ज्या विश्वस्तांना पैसे मागणे जमत नाही, त्यांच्यावर सक्ती करू नका. त्यांना आभाराचे फोन द्या, भेटी ठरवायला सांगा, पत्रांवर दोन ओळी हाताने लिहायला सांगा.

## ७. मागा, आणि मग थांबा

भेटीला जाताना तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात : कोणत्या कामासाठी, किती रक्कम आणि कोण बोलणार. "काहीतरी मदत करा" असे म्हटल्यास देणाऱ्यावर अंदाज बांधण्याचे ओझे पडते. नेमकी रक्कम सांगावी, ती कशी ठरली हे सांगावे, आणि मग गप्प बसावे. मला हे शांत बसणे सर्वांत कठीण गेले. मी रक्कम सांगून लगेच "पण एवढे जमलेच पाहिजे असे नाही" असे म्हणत असे, आणि समोरचा माणूस विचार पूर्ण करण्याआधीच मी त्याच्या वतीने नकार देऊन मोकळी होत असे.

नकार आला तर कारण समजून घ्यावे. आता नको, एवढी रक्कम नको, या कामासाठी नको आणि या संस्थेसाठी नको, हे चार वेगळे नकार आहेत. पहिल्या तिघांचे पुढे काहीतरी होऊ शकते. चौथ्याचा मान राखून ते नाव मागणीच्या यादीतून काढावे.

## ८. नियमित देणगीचा मार्ग खुला करा

दरमहा आपोआप वळती होणारी लहान रक्कम वर्षाकाठी एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा संस्थेला अधिक स्थैर्य देते. या योजनेचे अर्ज सोपे ठेवा, आणि बंद करण्याची पद्धतही तितकीच सोपी ठेवा. कार्डाची मुदत संपल्यामुळे किंवा बँक खाते बदलल्यामुळे कित्येक देणग्या देणाऱ्याच्या नकळत थांबतात. म्हणून दर महिन्याला अयशस्वी झालेल्या व्यवहारांची यादी काढून त्या प्रत्येकाशी सौम्य शब्दांत संपर्क साधा.

## ९. मोठ्या उद्दिष्टासाठी देणग्यांची उतरंड मांडा

इमारत किंवा मोठा उपक्रम उभा करताना एकूण रकमेला देणगीदारांच्या संख्येने भागणे ही सर्रास होणारी चूक आहे. लोक सारखे देत नाहीत. उद्दिष्ट १०० भाग मानले, तर सर्वांत मोठी देणगी १० ते २० भागांची असावी लागते, त्याखाली दोन-तीन मध्यम मोठ्या, त्याखाली अधिक संख्येने लहान, अशी उतरंड मांडावी. प्रत्येक अपेक्षित देणगीमागे तीन-चार संभाव्य नावे हवीत. वरच्या पायरीसाठी तुमच्याकडे एकही नाव नसेल, तर मोहीम जाहीर करू नका. एक वर्ष ओळखी वाढवण्यासाठी द्या. बहुतेक अनुभवी संस्था वरच्या देणग्यांची आश्वासने मिळाल्यानंतरच जाहीर आवाहन करतात, यामागे हेच कारण आहे.

## १०. काय स्वीकारायचे आणि काय नाकारायचे, हे आधीच लिहा

देणगी स्वीकारण्याचे धोरण पैसे दारात उभे असताना ठरवता येत नाही. कोणाकडून घेणार नाही, कोणत्या अटी मान्य करणार नाही, वस्तुरूप देणगी कधी घेणार, नामफलक केव्हा लावणार आणि निर्णय कोण घेणार, हे एका पानावर लिहून मंडळाकडून मंजूर करून घ्या. आम्हाला एकदा मोठी रक्कम देऊ करताना संबंधितांनी पुस्तकांची निवड आपल्याकडे मागितली. धोरण लिहिलेले नव्हते. निर्णयाला सहा आठवडे लागले आणि मंडळात कटुता आली. अखेरीस आम्ही नकार दिला, तो योग्यच होता, पण लेखी धोरण असते तर तो पहिल्याच दिवशी आणि अधिक आदराने देता आला असता.

विशिष्ट हेतूसाठी आलेले पैसे त्याच हेतूसाठी वापरावे लागतात. हिशेबात त्यांचे स्वतंत्र खाते ठेवा. पगार आणि भाडे थकले म्हणून त्या पैशांना तात्पुरता हात लावण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठी सर्वसाधारण निधीची मागणीही तितक्याच स्पष्टपणे करायला शिका. हेतू बदलणे अपरिहार्य झाले, तर आधी देणगीदाराची लेखी संमती घ्या.

आपली माहिती गोपनीय राहावी आणि आपले पैसे सांगितलेल्या कामासाठी वापरले जावेत, या अपेक्षा अमेरिकेतील निधी संकलनाच्या व्यावसायिक संघटनांनी १९९३ साली तयार केलेल्या देणगीदारांच्या दहा हक्कांच्या सनदेत नोंदवलेल्या आहेत. आपले धोरण लिहिताना ती समोर ठेवावी. आणखी एक मुद्दा : निधी आणणाऱ्याला जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला देऊ नका. १९६० साली स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेची आचारसंहिताही त्याला मनाई करते. टक्केवारीवर काम करणारा माणूस आजच्या रकमेसाठी घाई करतो, आणि वर्षानुवर्षे जपलेले नाते त्या घाईत तुटते.

## ११. वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावा

आवाहने दोन किंवा तीनच ठेवा, आणि प्रत्येक दोन आवाहनांच्या मध्ये काहीही न मागणारे किमान एक वृत्त जाईल अशी रचना करा. प्रत्येक नोंदीसमोर जबाबदार व्यक्तीचे नाव लिहा. आठवड्यातली एक सकाळ फक्त फोन आणि भेटींसाठी राखून ठेवा. ही सकाळ इतर कामे सर्वांत आधी खाऊन टाकतात, म्हणून ती मंडळाकडून लेखी मंजूर करून घेतलेली बरी.

वेळापत्रकात खंडित देणगीदारांसाठीही एक महिना असू द्या. त्यांना फोन करताना "तुम्ही देणगी का थांबवली" असे विचारू नका. मागच्या देणगीतून काय घडले ते सांगा, आधी न कळवल्याबद्दल क्षमा मागा, आणि पुढे वृत्त पाठवले तर चालेल का, एवढेच विचारा. आमच्या पहिल्या वर्षी गळालेल्यांची यादी घेऊन मी असे फोन केले, तेव्हा बहुतेकांनी होकार दिला. पुढील दोन वर्षांत त्यांतले अठ्ठावीस जण पुन्हा देणगीदार झाले, आणि त्यांपैकी एक गृहस्थ आता दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला येतात.